बुधरीबाईची हरकत

लीड्स, इंग्लंड
१४ जानेवारी २०२४

प्रिय पवनभाऊ,

सप्रेम जोहार.

तू ऊर्जानगरला वीज केंद्रातल्या तुझ्या मित्राच्या, रोशनच्या क्वार्टरवर असशील आणि हे पत्र त्याच्या कॉम्प्युटरवर वाचशील असं धरून लिहिते आहे. फोनवर हे सांगायची सोय नाही. तू गावात असलास की टेकडीवर चढल्याशिवाय आवाज येत नाही, आणि टेकडीवर तुझ्याभोवती अर्धा कोहकाटोला उभा असतो. आजची गोष्ट अर्ध्या गावाने ऐकण्यासारखी नाही.

गोष्ट अशी, की मी दोन देशांत वकील नाही. साधी माणसं एकाच देशात वकील नसतात. तुझ्या चुलत बहिणीने शिष्यवृत्ती मिळवली, विमानात बसली, दोन हिवाळे कुडकुडत काढले आणि दोन देशांत वकील नसण्यापर्यंत मजल मारली. आपल्या गावातून परदेशी आलेली मी पहिलीच, तेव्हा हा मानही गावाला पहिल्यांदाच मिळतो आहे.

झालं असं. ज्यांनी आधी एक पदवी घेतलेली आहे, त्यांना इथे कायद्याची पदवी दोन वर्षांत घेता येते. तीन वर्षांचीही होती. मी दोनची घेतली. लोकांना तीन वर्षं लागतात ते मी दोन वर्षांत उरकणार, असं निघायच्या आधी गावभर सांगत फिरले होते, आठवतं ना? लच्छूआजा म्हणाला होता, ''लवकर पिकते ते हलकं धान रायते पोरी, त्याले भाव नसते.'' मी त्याला सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने काढलेल्या लवकर येणाऱ्या वाणांवर भाषण दिलं होतं. बिचारा ऐकून घेत होता.

परवा हैदराबादच्या एका मुलीने मला सांगितलं, की दोन वर्षांच्या पदवीवर आपल्याकडे सरळ सनद मिळत नाही. आधी तिकडे येऊन ब्रिज कोर्स करायचा, मग परदेशी पदवीवाल्यांची पात्रता परीक्षा द्यायची, मग नाव नोंदवायचं, मग पुन्हा सगळ्या वकिलांना असते ती परीक्षा. मी तिला विचारलं, ''हे कुठे लिहिलंय?'' ती म्हणाली, ''सगळीकडे.'' मी प्रवेश घेताना विद्यापीठाच्या पुस्तिकेतले फोटो नीट बघितले होते. हिरवळ फार चांगली होती.

बरं, इथे तरी वकील झाले का, तर तेही नाही. इथे सॉलिसिटर व्हायला पदवीनंतर दोन टप्प्यांची परीक्षा आणि दोन वर्षांचं काम लागतं. आता खरा प्रश्न. मी शनिवारी ज्या केंद्रात जाते, जिथे घरमालकाने बाहेर काढलेल्या भाडेकरूंना फुकट कायद्याचा सल्ला देतात, ते लोक मला परीक्षा संपल्यावर नोकरीला घ्यायला तयार आहेत. ते काम त्या दोन वर्षांत धरतात. शिकून झाल्यावर राहायला तेवढा व्हिसाही मिळतो. म्हणजे इथे राहिले तर दोन वर्षांनी मी एका तरी देशात वकील असेन. तिकडे आले तर पुन्हा पहिल्या बाकावर बसायचं, आणि डोंगर गावाचाच राहावा म्हणून चाललेल्या दाव्यात उभं राहायला मला किती वेळ लागेल हे मलाच माहीत नाही.

मी काय करू? तुझं मत सांग. फक्त तुझं. आईला आत्ता काही सांगू नकोस, ती उगाच काळजी करेल.

तुझी,
रंजीता


ऊर्जानगर, चंद्रपूर
४ फेब्रुवारी २०२४

दोन देशांच्या होऊ न शकलेल्या वकिलीणबाईंस,

पवनचा जोहार.

तू माझं मत मागितलंस, हीच तुझी पदवी निवडण्याच्या खालोखालची मोठी चूक. माझी ओळख विसरलीस का? कोहकाटोला ग्रामसभेचा सचिव, ज्याने गावाच्या जंगलाच्या चारही हद्दी पायांनी मोजल्या, तो कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला जमीन कायद्याच्या पेपरात नापास झाला. पुन्हा बसलो, पुन्हा नापास झालो. आता शेवटच्या वर्षात आलोय, तरी तो पेपर सोबतच चालतोय. सरांनी विचारलं, ''तुमच्याकडे शेती किती?'' मी म्हणालो, ''आहे थोडी.'' ते म्हणाले, ''मग ती तरी नीट करा.''

माझी पदवी मात्र साधी, तीन वर्षांची, चंद्रपूरच्या कॉलेजची, फोटोत हिरवळ नसलेली. तिच्यावर सनद मिळते. आहे की नाही गंमत? तू लीड्सला जाऊन जे मिळवलं नाहीस, ते मी ऊर्जानगरच्या बसमध्ये लोंबकळत मिळवणार आहे. फक्त पास झालो पाहिजे.

रोशनच्या क्वार्टरला दोरीवर धुतलेला शर्ट टाकला की संध्याकाळपर्यंत त्यावर राखेची बारीक भुकटी बसते. पांढऱ्या शर्टाचं कॉलेज करणाऱ्या माणसाने औष्णिक केंद्राशेजारी राहू नये, हे एक मत मी तुला खात्रीने देऊ शकतो.

बाकी तुझ्या प्रश्नाचं मला एकट्याला काही सुचेना. म्हणून गावी गेलो तेव्हा चार माणसांत जरा विचारून घेतलं. लोकांची मतं चांगली आहेत. सविस्तर नंतर लिहितो. काकीची तब्येत ठीक आहे, तिने काळजी अजिबात केली नाही.

तुझा भाऊ,
पवन


लीड्स
२ मार्च २०२४

पवनभाऊ,

चार माणसं म्हणजे कोण?

ठमाबाईच्या विक्कीचा काल मेसेज आला. ''दीदी, तुमचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.'' मी विचारलं, कुठला विषय? तर म्हणाला, ''तुम्ही यायचं का राहायचं, तो. दोन बैठका झाल्या. चहा चांगला होता.''

भाऊ, तू माझं पत्र ग्रामसभेत ठेवलंस? बैठकीच्या गोटुलात? आईसमोर? आईला सांगू नकोस असं लिहिलं होतं, आणि तू तिला अख्ख्या गावाबरोबर बसवून सांगितलंस? मी हे इथे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला समजावून सांगायला गेले. मी कुठे नोकरी करायची यावर तिकडे एक गाव चर्चा करत आहे, म्हटल्यावर तिला वाटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे.

विषय मागे घे. ताबडतोब.

रंजीता


कोहकाटोला, ता. धानोरा
(धानोऱ्याहून पाठवतोय)
३० मार्च २०२४

प्रिय रंजीता,

माझं चुकलं. आता हात जोडून सांगतो काय झालं ते.

त्या दिवशी गोटुलात सगळे विषय संपले. बांबू झाला, तेंदूपत्त्याचा लिलाव झाला, डोंगराच्या दाव्याचा वकील पुन्हा आला नाही यावर सगळ्यांनी शिव्या दिल्या. शेवटी राहतो तो ऐनवेळचा विषय. तिथे दर वेळी कुणी तरी बकरी हरवल्याचं सांगतं. लच्छूआजाने सहज विचारलं, ''आपली रंजी काय म्हन्ते?'' तो गावचा भूमिया, देवापुढे पहिला तो, गोटुलात पहिला तो. त्याने विचारल्यावर ठीक आहे म्हणायचं आणि बसायचं, एवढंच काम होतं. पण मी सचिव. विचारलेल्याचं पूर्ण उत्तर द्यायची सवय. म्हणालो, ''ती विचारून राह्यली का तिथीच राहावं का इथी यावं.''

विचारून राह्यली. हा शब्द तोंडातून गेला आणि झालं. तुला रीत माहीत आहे, तरी लिहितो, कारण लीड्सला माणूस विसरत असेल. गोटुलात एकदा विचारलेली गोष्ट सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय सुटत नाही. हात वर करून जास्त कुठे ते मोजायची आपल्याकडे पद्धत नाही. एकाची जरी हरकत असली तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. आणि एकदा सगळ्यांनी मंजूर म्हटलं की तो ठराव कुणी मोडत नाही, भूमियासुद्धा.

तुझं पत्र आल्यावर मी विषय मागे घ्यायला उभा राहिलो. पण मागे घ्यायलाही सगळ्यांचं मंजूर लागतं. झाडूकाका म्हणाला, ''मले मंजूर नाई. माह्या बोलायचा नंबर अजून आलाच नाई.''

मग त्याला बोलू दिलं. गोंडीत बोलले, मी मराठीत लिहितो.

झाडू म्हणाला, ''त्या बार कौन्सिलनं तिले वकील नाई मानलं, त आपन मानू. ठराव घ्या. गावानं मानलं का नाई?''

मी म्हणालो, ''झाडूकाका, कोर्ट गावाचं नाई.''

''मंग काऊन नाई?'' त्याने विचारलं. हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात आहे असं वाटतं, बहुतेक त्याच पेपरात.

ठमाबाई म्हणाली, ''तिथी पगार हाये. इथी येऊन काय मोहा येचाचा का तिनं?'' त्यावर सोमारी म्हणाली, ''आपला वकील गडचिरोलीवून येते, गोंडी समजत नाई, आपन बोललो का मान हालवते. रंजी आली त त्याले मान हालवाचं काम नाई.'' हे सगळ्यांना पटलं. लच्छूआजा म्हणाला, परीक्षा कितीही असू देत, तोवर गाव तिला सांभाळेल. एकेक करून सगळे 'यावं' कडे आले. ठमाबाईसुद्धा आली. झाडू तर इतका आला की तुझ्यासाठी गोटुलाच्या बाजूला ऑफिस कुठे बांधायचं ती जागा दाखवून आला.

फक्त एक हरकत आहे. एकाच माणसाची. त्यामुळे ठराव अडला. नाव लिहीत नाही. हरकत गोटुलाची असते, माणसाची नसते, ती उंबऱ्याबाहेर न्यायची नसते, नाहीतर घराघरांत भांडणं लागतात. हे विक्कीलाही सांगून ठेवलंय, चहासकट.

तुझा (लाजलेला) भाऊ,
पवन


लीड्स
१९ मे २०२४

प्रिय पवनभाऊ,

रागावले होते, आता नाही. तुझं पत्र वाचून हसले, मग ते पत्र परत परत वाचलं आणि हसू येईनासं झालं. सगळं गाव मला बोलावतं आहे, ही गोष्ट इथे सकाळी बसच्या रांगेत उभी असताना आठवते आणि माझी बस निघून जाते.

एका माणसाची हरकत. मला आधी वाटलं इसरूकाका. शाळेत असताना मी त्याच्या शेतातली काकडी तोडली होती. पण तो इतकी वर्षं मनात ठेवणारा माणूस नाही, आणि काकडीही कडू होती.

परीक्षा संपली. बरी गेली असावी. केंद्रात आता रोज जाते. परवा एक म्हातारे गृहस्थ आले, हातात घर सोडायची नोटीस. त्यांनी विचारलं, ''तुम्ही वकील आहात ना?'' मी म्हणाले, ''कुठल्याच देशात नाही.'' ते इतके मोठ्याने हसले की बाहेरच्या खोलीतून लोक डोकावले. मग मी त्यांची नोटीस वाचली. तारीख चुकीची होती. ते सांगितलं, आणि आमच्या सॉलिसिटर बाईंनी ते पुढे नेलं. ते गृहस्थ अजून त्या घरात राहतात. भाऊ, त्या दिवशी मी घरी चालत आले. बसमध्ये बसवेना इतकी खूष होते. हे तुला सोडून कुणाला सांगितलं नाही, आणि तू गोटुलात सांगणार नाहीस.

आता मनातलं सांगते. मागच्या आठवड्यात आई टेकडीवर आली होती. तेंदूपत्त्याचे दिवस, दमलेली असणार. मी विचारलं, ''आई, मी येऊ का?'' तर म्हणाली, ''तुहं तू पाय.'' मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग जेवली का, थंडी हाये का, आणि फोन बंद.

सगळं गाव ये म्हणतं, झाडूकाका ऑफिसची जागा दाखवतो, आणि माझी आई एकदासुद्धा ये म्हणत नाही. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच होतो. मला वाटायचं, ती रोज वाट बघत असेल. तिला मी नसण्याची सवय झाली असेल. कदाचित बरंही वाटत असेल. मग मी कुणासाठी येऊ? केंद्राला उद्या हो म्हणून कळवून टाकावं असं वाटतंय. रागाने. राग चांगलं कारण नाही हे मला कळतं, तेवढा कायदा मी शिकले आहे.

रंजीता


कोहकाटोला
२३ जून २०२४

प्रिय रंजीता,

हो म्हणून कळवलं असशील तर असू दे. पण रागाने कळवू नकोस. हे पत्र आधी वाच.

तुझं पत्र घेऊन मी काल काकीकडे गेलो. ती शेताच्या बांधीत धानाचं पऱ्हं, रोवणीच्या रोपांचं बी, टाकत होती. मी बांधावर बसलो आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. म्हातारे गृहस्थ गाळले, तुझ्या सांगण्याप्रमाणे. 'बरंही वाटत असेल' इथपर्यंत आलो तेव्हा तिचा हात थांबला. टोपली खाली ठेवली. मला वाटलं आता मार बसतो.

ती म्हणाली, ''सांग तिले. नाव सांग. माही हरकत हाये, मीच सांगून राह्यली.''

रंजीता, हरकत काकीची आहे. पहिल्या बैठकीपासून. मी उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही म्हणून गप्प होतो, पण खरं सांगू का, मलाही तिचं कोडं सुटलं नव्हतं. मला वाटायचं, तुझ्या शिक्षणासाठी एवढं सोसलं, आता पोरीने परदेशात नाव काढावं अशी इच्छा असेल. तेच मनात धरून बसलो. नापास होणारा माणूस सगळीकडे नापास होतो.

पहिल्या दिवशी गोटुलात ती काय बोलली ते आता लिहितो. बरेच जण 'यावं' म्हणू लागले तेव्हा ती उठली आणि म्हणाली, ''मले मंजूर नाई. ठराव कराचा नाई.'' लच्छूआजाने विचारलं, ''बुधरी, तुले पोरगी नोको का?'' तर म्हणाली, ''गावानं ठरावानं बोलावलं त ती येईनच. माही पोरगी हाये, गावाचं मोडन नाई. मंग तिले नाई म्हनाची जागा कुठी राह्यन?''

दुसऱ्या बैठकीला तिला बऱ्याच जणांनी समजावलं. तिसरीला लच्छूआजा स्वतः घरी जाऊन आला. प्रत्येक वेळी ती हातातलं काम सोडून येते, एक मजुरी बुडवते, पुढे बसते, मंजूर नाई म्हणते आणि जाते. दोन बाया तिच्याशी बोलत नाहीत. सोमारी तर तोंडावर म्हणाली, ''कशी आई होय?''

काल बांधावर मी विचारलं, ''काकी, तुमाले काय वाटते? ती यावी का नाई?''

ती म्हणाली, ''मले त वाटते उद्याच्या उद्या यावं. मले काऊन इचारतं? म्या तिले फोनवर ये म्हटलं त तो बी ठरावच झाला ना बाबू.'' आणि पदर डोळ्याला लावला, घाम पुसल्यासारखा. घाम नव्हता.

अख्ख्या गावात तू यावीस असं जिला सगळ्यात जास्त वाटतं, तिचीच हरकत आहे. आता तुझं तू बघ. हे वाक्य मी काकीचं वापरतोय, माझ्याकडे यापेक्षा चांगलं नाही.

पवन


लीड्स
१४ जुलै २०२४

प्रिय पवनभाऊ,

तुझं पत्र केंद्राच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. चहा करत होते. किटली उकळून बंद झाली, मी तिथेच रडत उभी. सॉलिसिटर बाई आल्या, त्यांना वाटलं कुणी तरी गेलं. मी म्हणाले, ''माझ्या आईने हरकत घेतली आहे.'' इंग्रजीत ते फारच भयानक वाटलं. त्यांनी मला दुपारची सुट्टी दिली.

त्या सुट्टीत बसून मी स्वतःची उलटतपासणी घेतली. साक्षीदार फार वाईट निघाली. मी तुला मत का विचारलं होतं? मला माहीत नव्हतं म्हणून नाही. मला कुणी तरी ठरवून द्यायला हवं होतं. तू ये म्हणाला असतास तर आले असते, आणि पुढे एखादा दिवस वाईट गेला की म्हणाले असते, पवनमुळे आले. गावाने ठराव केला असता तर गावाच्या नावाने म्हणाले असते. तू राहा म्हणाला असतास तर तेही तुझ्याच डोक्यावर ठेवलं असतं. सगळा कायदा शिकून मी एक पळवाट शोधत होते आणि माझ्या आईने, जिने कायद्याचं पुस्तक हातात धरलं नाही, ती बुजवून टाकली. नाही, असं नको लिहायला. ती मला ओळखते, एवढंच. पोरीला आई ओळखते त्यात पुस्तकांचा काय संबंध.

तर आता मी माझं लिहिते. मला राहायचं आहे.

घाबरून एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. मला राहायचं आहे, भाऊ. दोन वर्षं. हे काम मला येतं, मला आवडतं, आणि मला कशाची तरी पुरती वकील व्हायचं आहे. घाईत दोन वर्षांची पदवी घेऊन जी फजिती केली तीच, अर्धवट सोडून परत येऊन, पुन्हा करायची नाही. मला घरची आठवण रोज येते. दोन्ही खरं आहे. एक खरं असलं की दुसरं खोटं होतं असं मला वाटायचं, म्हणून लिहीत नव्हते.

डोंगराच्या दाव्याचं मला वाईट वाटतं. त्यासाठी इथून जे वाचून, शोधून पाठवता येईल ते पाठवीन, रात्री जागून पाठवीन. पण उभं कुणी तरी दुसऱ्याने राहावं लागेल. तू रहा. घाबरू नकोस, मी पेपराची तयारी करून घेते तुझी.

परत कधी येईन ते लिहीत नाही. लिहिलं तर तू ते ऐनवेळच्या विषयात घेशील.

हे पत्र गोटुलात वाचून दाखव. पूर्ण. या वेळी मीच सांगते आहे. पण आधी आईला एकटीला वाच.

तुझी,
रंजीता


कोहकाटोला
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय रंजीता,

आधी माझी बातमी, कारण नंतर ती सांगावीशी वाटणार नाही. पास झालो. शेवटचं वर्षही आणि तो पेपरही. किती मार्कांनी ते विचारू नकोस. पास म्हणजे पास.

काकीला पत्र घरी वाचून दाखवलं. 'मला राहायचं आहे' वाचल्यावर ती म्हणाली, ''परत वाच.'' मी परत वाचलं. मग तिने विचारलं, ''हे तिनंच लिवलं? कोनी सांगून नाई?'' मी म्हणालो, तिनेच. मग ती उठून कोंबड्या कोंडायला गेली. कोंबड्या केव्हाच कोंडलेल्या होत्या.

परवा गोटुल भरलं. रोवणी आटोपलेली, त्यामुळे बाया-माणसं सगळी आली. मी उभा राहून पत्र वाचलं, पळवाटेसकट. संपल्यावर सोमारी म्हणाली, ''मंग डोंगराचं कोन पायल?''

मी म्हणालो, ''मी पाहीन. सनद काढतो.''

हे ऐकून गाव माझ्याकडे जेवढं वळून बघायला लागलं तेवढं तुझं पत्र ऐकतानाही बघत नव्हतं. झाडू म्हणाला, ''तू? तूच ना तो, जमिनीच्या पेपरात पडला होता?'' मी म्हणालो, आता पास झालो. तो म्हणाला, ''पन जमीन तेच हाये ना?'' हसले सगळे. हसले म्हणजे बहुतेक कबूल झाले, आपल्याकडे तसंच असतं. कुणाला वकील मिळाला, कुणाला गंमत.

मग विषय मांडायचा होता. रंजीता दोन वर्षं तिकडे राहते, गावाला मंजूर आहे का. रीतीप्रमाणे आधी लच्छूआजाला विचारायचं, मग पुढे. मी त्याच्याकडे वळलो, तोंड उघडलं, आणि मागून आवाज आला.

''मंजूर.''

काकी होती. भिंतीला टेकून बसली होती, उठलीही नाही. कुणी विचारायच्या आधी बोलली. सहा महिने जिच्या तोंडून 'मंजूर नाई' ऐकलं, तिने त्या गोटुलात पहिल्यांदा मंजूर म्हटलं ते यावर.

लच्छूआजा तिच्याकडे पाहत राहिला. ''बुधरी, तुले समजलं ना काय मंजूर केलं ते?''

''समजलं. ती तिथी राह्यते. तिनं म्हटलं.''

मग सगळे म्हणाले. सोमारी उठून काकीशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली. झाडू सगळ्यात शेवटी म्हणाला, तेही ऑफिसची जागा मला देऊन.

निघताना मी काकीबरोबर चालत होतो. वाटेत चिखल होता. तिने मला विचारलं, ''पवन, दोन वर्सानं हा इषय कोनी परत काढला, तिले बोलवा म्हटलं, त मले तवा बी हरकत घेता येते ना?''

मी म्हणालो, ''येते काकी.''

''मंग ठीक हाये,'' ती म्हणाली, आणि पुढे झाली. मी मुद्दाम मागे राहिलो. ती रडत होती, आणि मी वळणावर पोचेपर्यंत घरात जाऊन तिने दार लावून घेतलं.

रविवारी तिला टेकडीवर घेऊन येतो. तू फोन जवळ ठेव.

तुझा भाऊ,
पवन